शेऱ्याचा रकाना

बेंगळुरात आमच्या बनशंकरीच्या गल्लीत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अवऱ्याची गाडी येते. गाडीवाल्याला ओरडावं लागत नाही. वळणावर यायच्या आधीच वास येतो आणि बायका दारं उघडतात. अवरे म्हणजे आपल्या पावट्याचीच बहीण, पण जास्त मानी. शेंगेच्या सालीवर तेलासारखं काहीतरी असतं, बोटांना चिकटतं आणि दिवसभर जात नाही. त्या वासाला इथे सोगडु म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही. मी पासष्ट वर्षं शोधतो आहे. ओलं गवत, तूप, थोडी माती, आणि थंडीत उठल्यावर नाकाला जाणवणारी स्वच्छ हवा, हे सगळं एकत्र केलं तरी सोगडु होत नाही.

काल सूनबाईने दोन किलो घेतले आणि दाणे सोलायला परात माझ्यासमोर ठेवली. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी घरात एवढंच काम मला विश्वासाने मिळतं. शेंग मोडली आणि नाकाशी धरली. वास होता, पण फिका. कालची तोड असणार. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही दर वर्षी वास घेता आणि दर वर्षी तोंड वाकडं करता. मग खाता मात्र दोनदा."

खरं आहे. खातो दोनदा. पण तोंड वाकडं होतं ते शेंगेमुळे नाही, हे तिला कधी सांगितलं नाही. काल रात्रीपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. एका माणसाच्या हातून त्याची बस माझ्यामुळे गेली, आणि ज्या हंगामात ती गेली त्या हंगामाचा वास दर वर्षी घरी चालून येतो.

मी चिकोडीकडचा. राज्यांची फेररचना झाली, आमचा भाग म्हैसूर राज्यात आला, आणि दोन भाषा येणारा पोरगा म्हणून मला बेंगळुरात सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. तात्पुरती. वाहतुकीच्या खात्यात. तेव्हा खासगी बसचे मार्ग एकेक करून सरकारने हाती घ्यायचे असं धोरण ठरलेलं होतं, आणि त्याआधी प्रत्येक मार्गाची पाहणी व्हायची. महिनाभर त्या बसमधून फिरायचं आणि छापील तक्ता भरायचा. नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, विलंब, प्रवासी, जादा प्रवासी, प्रवाशांची तक्रार, आणि सगळ्यात शेवटी 'शेरा'. माझ्या वाट्याला यशवंतपूरच्या पलीकडे पश्चिमेला, वीसेक मैलांवरच्या एका खेड्याचा मार्ग आला. बस रात्री खेड्यात मुक्कामाला असायची आणि सकाळी साडेसहाला शहराकडे निघायची. निघायची, असं परवान्यावर लिहिलेलं होतं.

पहिल्याच सकाळी ती सात वाजून दहा मिनिटांनी निघाली. मी तत्परतेने लिहून घेतलं.

बस होती नाकवाली, इंजिन पुढे आलेली, निळी, कपाळावर 'भवानी' असं लिहिलेली. चालवणारे तिचे मालकच, कृष्णोजी राव. सगळे त्यांना अण्णा म्हणत. शहाजीराजांच्या मागोमाग जी घराणी इकडे आली आणि इथलीच झाली त्यांतलं त्यांचं एक. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू आलं आणि मग मी पुढच्या वाक्याची वाट बघायला लागलो. महिनोन्‌महिने मराठी न ऐकलेल्या माणसाला कुठलीही मराठी चालते.

"तुमी चिकोडीचे?" ते म्हणाले. "मग आपलाच माणूस की! बस रे दादा, फुडं बस, माझ्या शेजारी. काय लिवायचं ते लिव."

"अण्णा, साडेसहाची वेळ आहे. आपण का थांबलोय?"

त्यांनी खिडकीतून शेताकडे बोट दाखवलं. धुक्यात बायका वाकून शेंगा तोडत होत्या. "दव हाय अजून. स्वल्प थांब. दवावर तोडली की वास ऱ्हातो. उन्हात तोडली तर ती शेंग नव्हं, नुसती भाजी. बाजारात बाया पयलं नाकाला लावतात, मग भाव विचारतात."

म्हणजे त्या बसचं वेळापत्रक दवावर होतं. थंडी जास्त, तर दव जास्त, तोडणीला वेळ जास्त. ढगाळ दिवशी दव कमी, बस लवकर. हंगाम संपला की फेब्रुवारीत तीच बस साडेसहाच्या ठोक्याला निघायची, हे मला पुढे कळलं. कुठल्या शेतात किती पोती होणार हे अण्णांना आदल्या संध्याकाळीच माहीत असायचं. कुणी सांगायचं नाही, पाटीवर लिहिलेलं नसायचं. नंजम्माचा चेहरा बघून ते ओळखायचे.

नंजम्मा त्या बायकांतली म्होरकी. काळीसावळी, कमरेला पदर खोचलेला, जिभेला धार. माझं चिकोडीचं कन्नड ऐकून ती पोटभर हसायची. मला तिने नाव ठेवलं होतं 'सरकार'. "सरकार आलं, सरका. सरकारला बसायला जागा द्या. अण्णा, सरकारने आज काय लिहिलं विचारा की. माझं नाव नीट लिहिलंय ना?" आणि मग टोपलीतून मीठ घालून उकडलेल्या शेंगा मूठभर काढून माझ्या कागदांवरच ठेवायची. त्या तक्त्यांवर तेलाचे डाग पडले होते. साहेबांनी एकदा विचारलं, मी म्हटलं, बसच्या इंजिनाचं तेल.

पोती टपावर जायची. नियमाप्रमाणे त्या बसला माल वाहायची परवानगी नव्हती, प्रवाशांचं हातातलं सामान तेवढं चालायचं. आता इथेच माझी पहिली चूक झाली, आणि ती भल्या मनाने झाली म्हणून जास्त खुपते. 'विलंब : चाळीस मिनिटं' असं लिहिल्यावर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं. कारण लिहिलं तर 'शेंगांची पोती चढवण्यासाठी' असं लिहावं लागणार. म्हणजे नियमभंग माझ्याच हाताने नोंदवला जाणार. अण्णांना त्रास नको म्हणून मी तो रकाना कोरा ठेवला. रोज. मला वाटायचं मी त्यांना वाचवतो आहे. कागदावर उरला तो फक्त विलंब, कारणाशिवायचा. कारण नसलेला उशीर म्हणजे आळस, हे मला बाविसाव्या वर्षी सुचलं नाही.

सगळेच त्या उशिरावर खूश नव्हते हेही लिहिलं पाहिजे. खेड्यातल्या शाळेचे मास्तर सोमवारी सकाळी त्याच बसने शहरातल्या शिक्षण कचेरीत जायचे आणि घड्याळ काढून अण्णांना दाखवायचे. "अहो, शेंगांना नाक आहे, मला नोकरी आहे!" अण्णा म्हणायचे, "मास्तर, तुमी एकटे. त्या अकरा जणी. तुमी अकरा जण घेऊन या, तुमच्या घड्याळावर काढतो गाडी." मास्तरांनी अखेर सरकारकडे अर्ज केला. त्यांचंही खोटं नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते धुकं पडलं. मी शाळेच्या ओसरीवर झोपायचो. त्या पहाटे जाग आली आणि तोडणी जवळून बघावी म्हणून शेतात निघालो. बायकांचा आवाज डावीकडून येत होता, मग उजवीकडून, मग कुठूनच नाही. दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. बांधावरून बांधावर जात राहिलो. प्रत्येक बांध मघाचाच वाटायचा. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, हातापायांना शेंगांचं तेल चिकटलं. घड्याळात साडेसहा झाले, सात झाले. बस गेली असणार, पाहणीचा दिवस बुडाला असणार, आणि नोकरी कायम व्हायची चिठ्ठी त्याच महिन्यात यायची होती. धुक्यात उभा राहून मी आईला हाक मारली हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात भोंगा ऐकू आला. अण्णांच्या बसचा रबरी भोंगा, पों पों. थांबून पुन्हा पों पों. रस्त्यावर माणूस आल्यावर वाजवतात तसा नाही. विहिरीत घागर सोडावी तसा सावकाश, एकाच लयीत. मी आवाजाच्या दिशेने चाललो. आवाज थांबला की थांबायचो, आला की चालायचो. शेवटी धुक्यातून निळं नाक दिसलं. सगळी बस भरलेली, पोती टपावर चढलेली, अण्णा दारात उभे राहून बाहेरूनच भोंगा दाबत होते. सात चाळीस झाले होते.

नंजम्माने खिडकीतून डोकं काढलं. "बघा गं बघा, सरकार हरवलं होतं! भोंग्याने सापडलं!"

सगळी बस हसली. मास्तरसुद्धा. अण्णा, कन्नड 'बरं' मराठीत मिसळून, एवढंच म्हणाले, "सरी, चढ आता. शेंगा सुकायल्यात." आणि वाटेत, डोळे रस्त्यावर ठेवून, "भ्यालास काय रे दादा?"

"नाही, अण्णा."

"मी भ्यालो," ते म्हणाले.

त्या दिवशीच्या ओळीत मी लिहिलं, विलंब एक तास दहा मिनिटं. अख्ख्या महिन्यातला सगळ्यात मोठा. शेऱ्यासमोर लेखणी धरून बसलो. काय लिहिणार? सरकारचा माणूस शेतात वाट चुकला? मला माझंच हसं दिसलं. तो रकानाही कोरा राहिला.

पुढे हरकती ऐकून घ्यायचा दिवस आला. कचेरीच्या लांब खोलीत आमचे साहेब टेबलामागे, मी बाजूला तक्ते घेऊन, समोर अण्णा. कोट घालून आले होते, लग्नातला असावा. साहेब फार सरळ माणूस. कुणाचा चहासुद्धा प्यायचे नाहीत. अण्णांना इंग्रजी येत नाही म्हणून त्यांनी सगळं कन्नडमध्ये चालवलं. सरकारने रस्ते केले, सरकारने शाळा काढल्या, मग गरिबाचा प्रवास एका माणसाच्या मर्जीवर का राहावा, असं त्यांना मनापासून वाटे. आम्हा सगळ्यांनाच वाटे. नवं राज्य होतं, नव्या योजना होत्या, आणि खर्च म्हणजेच काम असं आम्ही समजत होतो.

साहेब म्हणाले, "तुमची गाडी रोज उशिरा निघते. सरकारी गाडी वेळेवर निघेल. तुमचं म्हणणं काय?"

अण्णांनी कोटाची गुंडी लावली. मग म्हणाले, "साहेब, गाडी रिकामी गेली की माझ्या घरची चूल मला विचारते, का रे रिकामी गेली? सरकारच्या गाडीला कोण विचारणार?"

साहेब हसले. वाईट नाही, कौतुकाने. पण अण्णांचं बोलणं टिपून घ्यायला तक्त्यात जागा नव्हती. मग त्यांनी माझा कागद उचलला. "एक दिवस तर एक तास दहा मिनिटं. हे काय आहे?" आणि माझ्याकडे वळून, "कारण काही नोंदवलंय का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सांगता आलं असतं. 'तुमच्याच माणसासाठी थांबलो' एवढं एक वाक्य. ते बोलले नाहीत. माझी नोकरी कायम व्हायची आहे हे मीच त्यांना वाटेत सांगितलं होतं, आणि वाट चुकलेला पाहणीदार कुठल्या साहेबाला आवडेल? ते माझ्यासाठी थांबले होते, तसेच पुन्हा एकदा थांबले. या वेळी भोंगा वाजवायची पाळी माझी होती.

मी म्हटलं, "नाही, सर. नोंद नाही."

शब्दशः खरं होतं. नोंद नव्हतीच.

मार्ग सरकारकडे गेला. त्या एका दिवसामुळेच गेला असं मी म्हणणार नाही. धोरण ठरलेलं होतं, कदाचित तसाही गेला असता. पण शेजारच्या एका मार्गाला दोन वर्षांची सवलत मिळाली, आणि कागदावर 'मालक बेफिकीर' हा निष्कर्ष निघाला तो माझ्या कोऱ्या रकान्यांवरून. धोरणाच्या आड लपायला मला उभा जन्म मिळाला. तिथे जागा भरपूर असते.

पुढच्या हंगामात मी मुद्दाम गेलो. खेड्यात सिमेंटचं बसथांब्याचं छप्पर झालं होतं, आत बाक, आत घड्याळ. नवी लाल बस साडेसहाला हलली, मिनिटाचा फरक नाही. आत मास्तर आणि मी आणि अजून तिघं. पोती चालत नव्हती. बायका शेतात होत्या, धुक्यात, वाकलेल्या. बस त्यांच्या शेजारून गेली तेव्हा एकीनेही वर बघितलं नाही. नंजम्माने नंतर सांगितलं, शेंगा आता दुपारी लॉरीवाला घेतो. तो सांगेल तो भाव. "वासाचं काय, विचारू नका. त्याच्या लॉरीला नाक नाही."

त्या छपराला किती खर्च आला असेल हे मी तेव्हाच्या फाइलीत वाचलं होतं, आकडा विसरलो. आठवतं ते वेगळंच. रिकाम्या धावणाऱ्या त्या बसच्या फेऱ्या आमच्या अहवालात 'पुरवलेली सेवा' म्हणून मोजल्या जायच्या. जितकी रिकामी धावेल तितकी सेवा. हे लिहिणारा कारकून मीच.

पण एवढंच सांगितलं तर पुन्हा एक रकाना कोरा राहील. त्याच लाल बसने, घड्याळाच्या ठोक्यावर, नंजम्माची धाकटी मुलगी पुढे शहरातल्या हायस्कुलात गेली आणि नर्स झाली. दवावर चालणाऱ्या गाडीने तिची पहिली घंटा रोज चुकली असती. ही गोष्ट मला नंजम्मानेच सांगितली, आणि सांगताना तिने सरकारला शिव्याही दिल्या. दोन्ही एकाच श्वासात. मला वाटतं राज्यकारभाराबद्दल इतकं नेमकं बोलणं मी कुठल्याच सचिवाच्या तोंडून ऐकलं नाही. वेळ हवी असणारा एक होता, वास हवा असणाऱ्या अकरा होत्या. रस्ता दोघांनाही पुरला असता. लाल बसही धावली असती, निळीही. एकच धावली पाहिजे हा हट्ट आमचा होता, टेबलामागच्यांचा.

माझा नातू बेळ्ळंदूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. लोकांना कधी कुठे गाडी लागेल हे आधीच ओळखणारं काहीतरी ते तिथे बनवतात. सरकारने कशातच पडू नये, असं तो जेवताना ठासून सांगतो, आणि आठवड्यातून तीनदा ट्रॅफिकवरून सरकारला फोन लावतो. काल रात्रीच्या जेवणात अवऱ्याचं सांबार होतं. भिजवून सालीतून पिचकवून काढलेले दाणे, वरून तूप. मी त्याला अण्णांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. धुक्यासकट, बस जाईपर्यंत.

तो वाटी बाजूला ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, तुमची काय चूक? सिस्टिमच तशी होती. त्यांच्याकडे माहिती होती, तुमच्या फॉर्मला ती लिहायला कॉलम नव्हता."

"होता रे," मी म्हटलं. "शेवटचा."

अण्णा मला हरकतींच्या त्या दिवसानंतर एकदाच भेटले. चार-पाच हिवाळ्यांनंतर, सिटी मार्केटात. माझं नवीन लग्न झालेलं, आम्ही दोघं अवरे घ्यायला गेलो होतो. एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या दुकानात ते पोत्यांशेजारी स्टुलावर बसले होते. बस विकून झाली होती. आता पोतं उघडलं की शेंग नाकाला लावून, आजची की कालची, एवढं सांगायचं काम. हात थरथरत होते, नाक शाबूत होतं. मला बघून चेहरा फुलला.

"अरे दादा! ही सूनबाई काय आमची? ये गं बाई." आणि मग आवाज खाली आणून, "पर्मनंट झालास का रे?"

"झालो, अण्णा."

"सरी," ते म्हणाले. "मग बरं झालं." आणि एका पोत्यातून शेंगा ओंजळीने काढून माझ्या बायकोच्या पिशवीत घातल्या. "ह्या घे. आजच्या हायत. दवावरच्या."

मी त्यांची माफी मागणार होतो. तोंडाशी आली होती. पण बायको शेजारी उभी, तिला काय सांगणार, पुढच्या खेपेला एकटा येऊन बोलू, असं ठरवलं. पुढच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा स्टुलावर दुसरा माणूस होता.

तीस वर्षं मी त्या खात्यात काढली. कायम झालो, बढत्या घेतल्या, कितीतरी गावांची वेळापत्रकं आखली. नव्या पोरांना पाहणीला धाडताना सांगायचो, शेऱ्याचा रकाना कोरा ठेवू नका. ते समजायचे, म्हातारा नियमाला कडक आहे. का, ते कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

त्या हंगामातले तक्ते केव्हाच रद्दीत गेले असतील. खातं बदललं, इमारत बदलली, ते खेडं शहराने गिळलं. कुणी बघणार नाही. तरी आज सकाळी उरलेले दाणे सोलून झाल्यावर, बोटांचा वास धुवायच्या आधी, नातवाकडून एक कोरा कागद मागून घेतला. पट्टीने रेघा मारल्या. हात वाकडा जातो, पण रकाने आठवत होते, क्रमही आठवत होता. तारीख आणि प्रवाशांचे आकडे आठवले नाहीत, त्या जागा सोडून दिल्या. बाकीचं भरलं.

नियोजित वेळ : साडेसहा. प्रत्यक्ष वेळ : सात वाजून चाळीस मिनिटं. विलंब : एक तास दहा मिनिटं. प्रवाशांची तक्रार : नाही.

शेरा : धुकं दाट होतं. पाहणी करणारा कारकून शेतात वाट चुकला. तो सापडेपर्यंत गाडी त्याच्यासाठी थांबली. चालकाचा दोष नाही.